दोन यमुना आणि तुझी पंधरा मिनिटं

पत्र असं आहे :

"मॅडम, मी टी.वाय.बी.ए.ला आहे, मराठी स्पेशल. आमच्या पाच जणांच्या गटाला 'मराठी कादंबरीचा आरंभकाळ : १८५७ ते १९२०' यावर तोंडी सादरीकरण करायचं आहे. पंधरा मिनिटं, वीस गुण, मग सर प्रश्न विचारणार. बारा दिवस उरलेत. गटातला एक जण म्हणतो, तीस स्लाइड करू, गाइडमधलं टाकू आणि आळीपाळीने वाचून दाखवू. माझ्या वाट्याला हरिभाऊ आपटे आलेत. 'पण लक्षात कोण घेतो?' मी अर्धी वाचली. पुढे वाचवेना, रडू आलं. परवा सराव करताना माझ्या तोंडून 'व्हतं' गेलं आणि सगळे हसले. तेव्हापासून उभी राहिले की घशाला कोरड पडते. माझा भाग दुसऱ्या कुणाला देऊन टाकू का? आणि नाही दिला, तर पहिलं वाक्य काय बोलू, तेवढं तरी सांगा. नेवासा तालुक्यातून लिहिते आहे. नाव छापू नका."

प्रिय मुली,

तुझा भाग कुणालाही देऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांतपणे वाचशील.

'व्हतं'चं पहिल्यांदा बोलू, कारण तुझ्या पत्रात खरं दुखणं तेच आहे. एकतीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवली. वर्गात हसू फुटलं की बोलणाऱ्याच्या मानेवरची शीर कशी ताठ होते, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्यानंतर ते पोर सांभाळून बोलायला लागतं. सांभाळून बोलताना शब्दांकडे लक्ष जातं, मग विषय हातातून सुटतो, आणि शेवटी ते कागद वाचायला लागतं. तुझी कोरड तिथली आहे. तुला विषय येत नाही म्हणून ती पडलेली नाही.

आता ज्या कादंबरीवर तू बोलणार आहेस ती पुन्हा उघडून बघ. यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. लहानपणापासूनची हकिगत, माजघरात बसून एखाद्या बाईने दुसरीला सांगावी तशी. त्याआधीच्या कादंबऱ्यांची भाषा बघितलीस तर 'मुक्तामाला'सारख्या पुस्तकात संस्कृत वळणाची, नटलेली वाक्यं भेटतात. हरिभाऊंनी घरात बोलली जाणारी भाषा छापील पानावर आणली, आणि तीही एका बाईच्या तोंडची. हे त्या काळातलं फार मोठं काम आहे. ती भाषा पुण्याच्या ब्राह्मण घरातली होती, तुझी नेवाशाची आहे. दोन्ही घरातल्याच. तेव्हा घरातल्या बोलीवर हसून हरिभाऊंवर सादरीकरण करायचं, हे काही जुळत नाही. हे तू गटातल्यांना भांडून सांगू नकोस. तुझ्या तीन मिनिटांत शांतपणे सांग. तोच तुझा मुद्दा होईल.

म्हणजे मुद्दाम गावरान बोल, असं मी म्हणत नाही. तुझ्या सरांशी स्टाफरूमच्या दारात उभी राहून बोलतेस ना, तसं बोल. त्यात एखादं 'व्हतं' आलं तर येऊ दे, मागे फिरून ते दुरुस्त करत बसू नकोस. दुरुस्त केलंस की लोकांना ते ऐकू येतं. पुढे गेलीस तर निम्म्यांना कळतही नाही. उतारा मात्र छापलाय तसाच वाचायचा, शब्दही न बदलता. तुझं बोलणं आणि पुस्तकाची भाषा असे दोन वेगळे आवाज वर्गाला ऐकू आले, तर ऐकणाऱ्याचं लक्ष आपसूक टिकतं.

आता त्या तीस स्लाइडचं. यात तुमच्या मित्रापेक्षा माझ्यासारख्या शिक्षकांचा दोष जास्त आहे. कितीतरी वर्षं मीच मुलांना सांगत आले, "आधी कालखंडाची पार्श्वभूमी, मग कादंबऱ्या." मग प्रत्येक गट १८१८ ला पेशवाई बुडवून सुरुवात करायचा. छापखाने आले, शाळा आल्या, 'दर्पण' निघालं, विद्यापीठ स्थापन झालं, उठाव झाला. दहा मिनिटं अशीच जायची. कादंबरी यायची तेव्हा घड्याळात तीन मिनिटं उरलेली असायची आणि त्यात पाच नावं, पाच सालं, एक 'जनक' आणि आभार. वर्ग तोवर पंख्याकडे बघत असायचा. मुलं कष्टाळू होती, सगळं बरोबर सांगत होती, आणि तरी कुणाच्या हाती काही लागत नव्हतं. ते मला फार उशिरा उमगलं, आणि उमगलं तेही एका मुलामुळे.

त्याच्या वडिलांचं केशकर्तनालय होतं, बसस्टँडसमोर. वर्गात मागे बसायचा, कधी बोलायचा नाही. त्याच्या गटाकडे तुझ्यासारखीच 'पण लक्षात कोण घेतो?' होती. त्याची पाळी आली तेव्हा त्याने खिशातून घडी केलेला एक झेरॉक्स कागद काढला, उलगडला, कडा बोटाने सरळ केल्या. यमूचा नवरा गेल्यानंतर शंकरमामंजींच्या धाकाखाली तिचं केशवपन केलं जातं, त्या प्रकरणातलं पान होतं ते. त्याने ते सावकाश वाचलं. वाचताना एकदाच थांबला. मग कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "हे वाचताना सगळ्यांनी यमूकडे बघितलं असेल. मी न्हाव्याकडे बघत होतो. त्याला कुणी बोलावलं, त्याच्या हातात काय दिलं, घरी जाऊन तो जेवला का? या पानात त्याला किती जागा आहे, ते मी मोजून बघितलं."

वर्ग गप्प झाला. त्यानंतर त्याने सांगितलं की ही कादंबरी हरिभाऊंच्या 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः यायला लागली, आणि त्याच १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांचा तिच्यात पुढाकार होता. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या लोकांनी ठरवलं. पुण्यात एक तरुण लेखक यमूची कहाणी लिहितो आहे आणि मुंबईत वस्तरा धरणारे हात नाही म्हणताहेत, एकाच साली. इतका इतिहास त्या मुलाने चार मिनिटांत आणला. त्यासाठी त्याला पेशवाई बुडवावी लागली नाही.

त्या दिवसापासून मी माझा क्रम उलटा केला. आधी पान, मग प्रश्न, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागेल तेवढाच इतिहास. तुला माझा सल्ला विचारशील तर तो एवढाच आहे. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

तुमच्या गटाला एकच प्रश्न धरून पंधरा मिनिटं बोलता येईल का, ते बघू. माझ्या मनात एक आहे, पटला तर घ्या. या कालखंडाच्या दाराशी बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' उभी आहे, १८५७ ची. तिची नायिका यमुना. आणि तुझ्या हरिभाऊंची यमू म्हणजे यमुनाच. दोघींत तेहतीस वर्षांचं अंतर. पहिली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत गावोगावच्या विधवांच्या कहाण्या ऐकते, पुढे तिच्यावरच वैधव्य येतं. शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि दुसरं लग्न करते. बाबा पद्मनजी स्वतः बेळगावचे, ते १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते, तेव्हा त्यांना बाहेर जायचा रस्ता दिसत होता आणि त्यांनी तो यमुनेला दिला. दुसरी यमू लग्नानंतर नवऱ्याबरोबर मुंबईला जाते, मोकळा श्वास घेते, वाचते, चार माणसांत बोलते. आणि नवरा गेल्यावर तिला परत त्याच घरात यावं लागतं. तिच्यासाठी दार बंद होतं.

तेहतीस वर्षांत शाळा वाढल्या, वर्तमानपत्रं वाढली, सुधारक वाढले, मग पहिलीला रस्ता मिळतो आणि दुसरीला का मिळत नाही? हा प्रश्न वर्गापुढे ठेवा. याचं एकच उत्तर नाही. एक जण म्हणेल, पद्मनजींना धर्मप्रसार करायचा होता म्हणून त्यांनी शेवट गोड केला. दुसरा म्हणेल, हरिभाऊंना आपल्या समाजाच्या आत राहूनच बोलायचं होतं, म्हणून त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं. पण तुमच्यापैकी कुणाला पहिलं पटलं तर फार चांगलं. गटात दोन मतं असली तर ती लपवू नका, वर्गासमोर मांडा.

हा प्रश्न धरलात की इतिहास कुठे लागतो ते आपोआप दिसेल. एक गोष्ट बघ. गाइडमध्ये 'यमुनापर्यटन १८५७' असं दिसलं की मुलं लगेच उठावावर बोलायला लागतात. मी एवढी सादरीकरणं ऐकली, त्यात या कादंबरीपाशी '१८५६' म्हणणारा गट मला भेटला नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. तो झाला आणि दुसऱ्याच वर्षी विधवांच्या स्थितीवर मराठीतली पहिली कादंबरी आली. या पुस्तकापुरतं ते साल उठावापेक्षा मोलाचं आहे. तसंच तुझ्या यमूचं. 'करमणूक'मधून तिची कहाणी चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला, शरीरसंबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय दहावरून बारावर नेणारा. त्यावरून पुण्यात केवढं रान उठलं होतं! टिळक विरोधात, आगरकर बाजूने. आगरकर 'सुधारका'त केशवपनाविरुद्धही लिहीत होते. पंडिता रमाबाईंचं शारदासदन, विधवांना आसरा आणि शिक्षण देणारं, १८८९ ला मुंबईत सुरू होऊन लगेच पुण्यात आलं होतं, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिथल्याच एका विधवेशी लग्न केलं. म्हणजे यमूला जे दार मिळालं नाही, ते त्याच शहरात कुणीतरी किलकिलं करत होतं. हे सगळं तू सांगू नकोस. यातलं एक निवड, तुझ्या पानाला चिकटणारं. उरलेलं प्रश्नोत्तरांसाठी पदरी ठेव.

आणि क्रमशः छापण्याची गोष्ट विसरू नकोस. आज आपण पुस्तक एका बैठकीत वाचतो, किंवा तुझ्यासारखं अर्ध्यावर ठेवतो. तेव्हाच्या वाचकाला यमू आठवड्याआठवड्याने भेटायची. एका अंकात ती मुंबईत हसतेय, आणि पुढे काय होणार ते कळायला पुढचा अंक यावा लागे. तुझ्या घरी संध्याकाळी मालिका लागते ना? उद्या काय होईल म्हणून आजी जीव टांगून बसते, तसं. ही तुलना वर्गात कर, पटकन पोचते. हरिभाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, हेही सांग. तुझ्या वर्गातली मुलं वीस-एकवीसची. 'मराठी कादंबरीचे जनक' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पगडी घातलेला म्हातारा येतो. सव्वीस म्हटलं की मुलं मान वर करतात.

अर्धी राहिलेली कादंबरी मात्र पुरी कर. यात सवलत नाही. रडू आलं म्हणून तू थांबलीस, याची लाज वाटून घेऊ नकोस. तुझं वाचणं नीट चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. पण जिथे थांबलीस तिथून पुढेच तुझं सादरीकरण आहे. रात्री एकटीने वाचू नकोस. दिवसा, ओट्यावर बसून, आईला किंवा आजीला मोठ्याने वाचून दाखव. दोन फायदे होतील. तुझा आवाज त्या वाक्यांना सरावेल. आणि ऐकणारी बाई मध्येच काहीतरी बोलेल, "आमच्या चुलत सासूबाई अशाच होत्या" असं काहीतरी. ते लिहून ठेव. तुझ्या गाइडात ते सापडायचं नाही.

बाकीच्या चौघांचं काय, तर त्यांनाही एकेक पान शोधू दे. पहिल्याने 'यमुनापर्यटन'मधल्या एखाद्या विधवेच्या कहाणीचं घ्यावं. दुसऱ्याने हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) थोडक्यात उरकावी. अद्भुत आणि ऐतिहासिक हे दोन रस्ते तिथून फुटतात, एवढं कळलं तरी पुरे. विधवांच्या प्रश्नापाशी सुरू झालेली कादंबरी पुढे स्वप्नात आणि किल्ल्यावर का गेली, असा प्रश्न त्याला टाकता येईल. गटात मुलगी आणखी असेल तर तिने काशीबाई कानिटकर घ्याव्यात. हरिभाऊंच्या स्नेही, स्वतः लिहिणाऱ्या, 'रंगराव' त्यांची. त्या काळात बाईच्या दुःखावर पुरुष लिहीत होते, तेव्हा एक बाई काय लिहीत होती, हे बघायलाच हवं. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ चं. ती कादंबरी नव्हे, पण काशीबाईंच्या शेजारी ठेवून बघा.

आणि पाचवा भाग. हा मी तुझ्यासाठी राखून ठेवला होता, पण हरिभाऊ तुझ्याकडे आहेत म्हणून गटातल्या दुसऱ्या कुणाला तरी दे. जमलं तर त्या हसणाऱ्यांपैकीच एकाला.

तू नेवासा तालुक्यातली. तरवडी तुला ठाऊक असेल. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' हे सत्यशोधकी पत्र चालवलं, आणि तरवडीसारख्या खेड्यातून ते दशकानुदशकं निघत राहिलं. खेड्यात छापखाना, खेड्यात संपादक, खेड्यातला वाचक. या मुकुंदरावांनी कादंबऱ्याही लिहिल्या, 'होळीची पोळी', 'ढढ्ढाशास्त्री परान्ने'. ते कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव, दत्तक गेलेले. आणि भालेकर म्हणजे १८७७ ला 'दीनबंधू' काढणारे, ज्यांनी 'बळीबा पाटील' लिहून दुष्काळात होरपळलेला शेतकरी मराठी कादंबरीत आणला. तोच 'दीनबंधू' पुढे कुणी चालवला? नारायण मेघाजी लोखंड्यांनी. ज्यांनी न्हाव्यांची सभा भरवली त्यांनी.

बघ, यमूच्या केशवपनाच्या पानापासून निघालीस तर न्हाव्यांच्या सभेला पोचतेस, तिथून लोखंड्यांकडे, 'दीनबंधू'कडे, भालेकरांकडे, आणि तिथून थेट तुझ्याच तालुक्यात. गाइडमध्ये हा सगळा कालखंड पुण्या-मुंबईत घडतो. 'मराठी कादंबरीचा आरंभकाळ' म्हणून जे सांगतात त्यात सत्यशोधकांना एक ओळ मिळाली तर मिळाली. मला याचं फार वाईट वाटतं, आणि नेवाशातल्या मुलांनीच ही ओळ मोठी करावी असं मनापासून वाटतं. एखाद्या रविवारी पाचही जण तरवडीला जाऊन या. जुन्या माणसांशी बोला, गावाचा फोटो काढा. तुमच्या मित्राला स्लाइडची हौस आहे ना, त्याला सांग, एक स्लाइड त्या फोटोची. दुसरी, 'पण लक्षात कोण घेतो?'च्या पानाची. तिसरी, सालांची एक साधी पट्टी : १८५६, १८५७, १८७७, १८९०, १८९१, १९१०. एवढ्या तीन पुरतात. स्लाइडवर परिच्छेद घातला की वर्ग तो वाचतो आणि तुमचं ऐकत नाही. दोन्ही एकदम कुणालाच जमत नाही. त्याला हे असं सांग म्हणजे राग येणार नाही. शिवाय यंत्र जोडणं, स्लाइड पुढे नेणं, घड्याळ बघणं ही कामं त्याच्याकडेच ठेव. ती कुणीतरी नीट करावीच लागतात.

पंधरा मिनिटांत पाच जण म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटं. तीन मिनिटांत सावकाश बोललं तर साडेतीनशेच्या आसपास शब्द मावतात. हाताने लिहिलेलं दीड-दोन पान. त्यातला पाऊण ते एक मिनिट उताऱ्याला जाईल. म्हणजे तुझं स्वतःचं बोलणं पानभरच. सगळं लिहून काढ, एकदा, आणि मग तो कागद ठेवून दे. पाठ करू नकोस. पाठ केलेलं एका शब्दाला अडलं की पुढचं सगळं जातं. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घे आणि त्यावर पाच-सहा शब्द लिही : पान, न्हावी, करमणूक, सव्वीस, दार. पुठ्ठा हातात थरथरला तरी दिसत नाही, कागद थरथरलेला दिसतो. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून एकदा ऐक. एकदाच. दहादा ऐकलंस तर स्वतःचा आवाज नकोसा होईल.

दोघांच्या मधली सांधेजोड हे गटातलं सगळ्यात दुर्लक्षित काम. एक जण संपवून खाली बसतो, दुसरा उठतो आणि "आता मी तुम्हाला हरिभाऊंविषयी माहिती सांगणार आहे" म्हणतो. त्याऐवजी आधीच्याने आपलं शेवटचं वाक्य प्रश्न करून सोडावं. 'यमुनापर्यटन'वाला म्हणेल, "पहिल्या यमुनेला रस्ता सापडला. दुसरीचं काय झालं?" आणि तू उठशील. दोन मित्र ओट्यावर बोलतात तसं चाललं पाहिजे. यासाठी एकत्र सराव हवा, निदान तीनदा, आणि उभं राहून. बसून केलेला सराव उभं राहिल्यावर उपयोगी पडत नाही.

सर प्रश्न विचारतील. बहुतेक तीनच प्रकारचे असतात. एक, साल किंवा नाव. येत असेल तर सांगायचं, नसेल तर "सर, हे मी वाचलेलं नाही, बघून सांगते." याने गुण जात नाहीत; थापेने जातात. दोन, "तुला काय वाटतं?" इथे मुलं घाबरून गाइडातलं वाक्य म्हणतात. तू तुझ्या पानाकडे परत जा : "या पानात मला असं दिसलं." तिसरा प्रकार पाताळयंत्री वाटतो पण सोपा असतो, 'कादंबरी' हा शब्द आला कुठून, असा. बाणभट्टाच्या संस्कृत 'कादंबरी'वरून, तिच्या नायिकेचं ते नाव. मराठीत आणि कानडीत या प्रकाराला तेच नाव पडलं. हिंदी-बंगालीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. एका बाईचं नाव एका अख्ख्या साहित्यप्रकाराला मिळालं, आणि तुमचं सगळं सादरीकरण बायकांच्या गोष्टींवर आहे. सरांनी विचारलं नाही तर कुणीतरी बोलता बोलता सांगून टाका.

पुस्तकं मिळवायची अडचण येऊ नये. हरिभाऊ १९१९ ला गेले, बाबा पद्मनजी १९०६ ला; त्यांच्या पुस्तकांवर आता कुणाचा हक्क नाही, त्यामुळे जुन्या प्रती स्कॅन करून ठेवलेल्या सापडतात. पण कॉलेजच्या ग्रंथपालांकडे आधी जा. कपाटाच्या खालच्या खणात असतात ही पुस्तकं, पिवळी पडलेली, वीस वर्षांत कुणी न नेलेली. मागितलीस तर ग्रंथपालांना आनंदच होईल. जुन्या आणि नव्या आवृत्तीत लेखनाचा फरक दिसेल, जुन्यात अनुस्वारांची गर्दी असते. त्याने बिचकू नकोस, मोठ्याने वाच, सगळं कळतं.

घशाच्या कोरडीला एक साधा उपाय. तुझी पाळी येण्याआधी पाणी पी, आणि उठल्यावर लगेच बोलू नकोस. उभी राहा, पुस्तक उघड, पान सापडेपर्यंत थांब. तेवढ्यात श्वास जागेवर येतो. लोकांना वाटतं, ही पान शोधतेय. शोध खरोखरच, खूण घालून ठेवू नकोस. आणि मोबाइलवरून वाचू नकोस, पुस्तकच हातात असू दे. मागच्या बाकावरच्याला त्याचं जुनं पुठ्ठ्याचं कव्हर दिसलं पाहिजे.

आता तू मागितलेलं पहिलं वाक्य. माझं देते, तू ते तुझ्या बोलीत कर :

"या बाईची गोष्ट मी अर्धी वाचून बंद केली होती, कारण पुढे काय होणार ते मला कळलं होतं. मी जिथे थांबले, ते पान आता वाचते."

आणि वाच.